पोचूची लेक

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नानाजींच्या ओसरीवर सोयरेधायरे जमायचे ते पोरांचे लाकडी बैल बघायला. यंदा मात्र ज्याची त्याची नजर रस्त्याकडे लागली होती. बल्लारशाहचा कुलदीप येणार होता. बंद पडलेल्या बँडपार्ट्यांची वाद्यं उचलायची आणि गरजवंताला विकायची, हा त्याचा धंदा. दोन जुनी क्लारनेटं घेऊन येतो म्हणाला होता, त्यातलं एक नानाजींच्या नातीसाठी, दिव्यासाठी घ्यायचं होतं.

दिव्याची आई दुर्गा आत वडे तळत होती, पण कान बाहेर होते.

हे चाललं होतं जुलैपासून. भद्रावतीला दिव्याच्या शाळेत बँड सुरू झाला. ढोल आणि झांजा शाळेने घेतल्या, क्लारनेट ज्याचं त्याने आणायचं ठरलं. सरांनी आपलं क्लारनेट सातवीच्या वर्गात फिरवलं. चाळीस पोरांनी गाल फुगवून फुंकलं, कोणाचा आवाज निघाला नाही. दिव्याने फुंकलं आणि पहिल्याच दमाला सूर निघाला. सर म्हणाले, "ओठ चांगले आहेत तुझे. बी फ्लॅट पट्टीचं आण, जुनं चालेल. गणपतीच्या आत आणलंस तर जागा तुझी. नाहीतर झांजा."

दिव्याने घरी येऊन ते वाक्य दहादा सांगितलं. नानाजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "लग्नात वाजवतेत ते. पोरीच्या जातीले काय करायचं त्याचं? कंप्युटर शिक म्हणा." चाळीस वर्षं माजरीच्या खाणीत काढलेला माणूस, एकदा बोलला की घरात दुसरा आवाज निघत नसे. रोशन त्यांचा मुलगा, दुर्गाचा नवरा, त्याच खाणीत डंपर चालवायचा. त्याने मान खाली घातली. दुर्गाही गप्प राहिली. बोलली ती गडचिरोलीची उर्वशीताई, नानाजींची लेक, रोशनची थोरली बहीण, दवाखान्यात सिस्टर. फोनवरच तिने बापाशी भांडण केलं, "माह्या भाचीले क्लारनेट मीच घेऊन देतो, पाहतो कोण अडवते ते," म्हणाली, आणि नवऱ्याला कामाला लावलं. कुलदीपला गाठलं होतं ते गुणवंतरावांनीच. हायस्कूलचे मास्तर, घराण्याचे एकुलते जावई, त्यांच्या शब्दापुढे नानाजीही नमायचे.

दिव्याचे ओठ कुठून आले हे मात्र उर्वशीताईला माहीत नव्हतं. गुणवंतरावांना तर नव्हतंच.

चामोर्शीजवळच्या गावात दुर्गाच्या वडिलांची, पोचूची, चार एकर धानाची शेती होती. पण पोट भरायचं ते क्लारनेटवर. उन्हाळ्यात लग्नाचा बँड, हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं. पोचू क्लारनेटवाला म्हटलं की वडसा ते अहेरीपर्यंत लोक ओळखायचे. दुर्गाची सोयरीक आली तेव्हा नानाजींनी एकच अट घातली होती. "पोरगी पसंत आहे. पण शेतकरी आहो म्हणूनच सांगजा, वाजवणं सांगू नोका. माह्या पोरीची बोलणी मास्तरांच्या घरी चालू आहेत. वाजंत्र्याचे सोयरे म्हटलं तं ते लोक मोडून टाकतीन."

पोचूने हो म्हटलं होतं. लेकीच्या लग्नात बँड दुसऱ्या गावचा आला. त्यातल्या क्लारनेटवाल्याने मांडवाच्या दारात हात जोडून उभ्या असलेल्या पोचूला ओळखलं, वाजवणं थांबवलं आणि पायाशी वाकला. पोचू दबल्या आवाजात म्हणाला, "वाजव बाप्पा, वाजव. कोणी पाहून राह्यलं." दुर्गाने ते मांडवालगतच्या खिडकीतून ऐकलं होतं. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. पोचू जाऊनही अकरा झाली, त्याचं क्लारनेट त्याच्याच पार्टीतल्या एका पोराकडे गेलं. दुर्गाने सासरी येऊन वडिलांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्याच्या वेळी, आणि तेव्हाही शेतकऱ्याची लेक म्हणून.

बाहेर गाडीचा आवाज आला. दिव्या ओसरीवरून ओरडली नाही. ती धावत आत आली आणि आईचा पदर धरून नुसती उभी राहिली.

"हात धू आणि जा," दुर्गा म्हणाली.

"तू पण चाल."

"वडे जळतीन. जा तू."

कुलदीप तिशीचा, बोलका गडी. त्याने आधी पाणी मागितलं, मग नानाजींच्या पाया पडला, मग सणाला आलेल्या गुणवंतराव आणि उर्वशीताईपुढे लाल मखमलीची पेटी उघडली. आतलं क्लारनेट असं झळकलं की शेजारची पोरं बैल सोडून ओसरीला चिकटली. चांदीसारख्या चाव्या, काळंभोर चकचकीत लाकूड.

"हे पाहा मास्तरजी. लाकडी आहे, असली. नागपूरच्या मोठ्या पार्टीचं."

"आणि दुसरं?" उर्वशीताईने विचारलं.

दुसरं त्याने कापडी पिशवीतून काढलं. मळकं, एबोनाइटचं म्हणजे कडक रबराचं, चाव्यांचा रंग उडालेला. "ते असंच आणलं, ताई. तुम्ही दोन म्हटले म्हणून. ते घेऊ नका."

मग त्याने झळकत्या क्लारनेटवर एका लग्नातल्या गाण्याची ओळ वाजवली. आवाज मोकळा आणि गोड होता. गुणवंतरावांनी मान डोलावली. "उत्तम. वस्तू कशी असावी तर अशी. पाहताक्षणी कळतं."

दुर्गा वड्यांचं ताट घेऊन नेमकी तेव्हा उंबऱ्यात आली होती. ती कुलदीपच्या तोंडाकडे पाहत नव्हती, हातांकडे पाहत होती. डाव्या हाताची बोटं नाचत होती. उजवा हात नुसताच खाली धरलेला होता. सगळी ओळ त्याने वरच्या तुकड्यावर काढली, खालच्या भोकांना एकदाही बोट लागलं नाही.

"अजून वाजवा न," दिव्या म्हणाली.

त्याने दुसरी ओळ वाजवली. पुन्हा तसंच.

खालचा तुकडा फुटका असला की विकणारे असंच वाजवतात, हे दुर्गाला आठव्या वर्षी बापाने शिकवलं होतं. हे वाद्य शाळेत गेलं की दिव्याचा खालचा एकही सूर धड निघणार नव्हता. सर म्हणणार, पोरीला जमत नाही. आणि पोरगीही तेच समजणार.

तिने ताट ठेवलं, रोशनला डोळ्याने आत बोलावलं.

"ते घेऊ नोका," ती हळूच म्हणाली. "खाली तडा आहे त्याले. मी सांगतो."

"तुले इथूनच दिसला काय तडा?"

"उजवा हात वापरून नाई राह्यला तो. वापरला की उघडं पडन."

रोशनने डोक्यावरून हात फिरवला. "मंग काय करू मी? भाऊजीले जाऊन सांगू? ते विचारतीन, तुमच्या बायकोले काऊन समजते हे. मंग बाबूजी काय सांगतीन?"

"काही तरी सांगा. जड आहे म्हणा. महाग आहे म्हणा."

"ताई देऊन राह्यली पैसे. महाग कसं म्हणू?" त्याने दाराबाहेर पाहिलं. "जाऊ दे दुर्गे. उद्या दुसरं पाहू. सणावाराचा तमाशा नोको."

"उद्या दुसरं कोण घेऊन देईन? गणपती चार दिवसांवर आले."

बोलली ती चुलीपुढे पाटावर बसलेली आशाबाई, दुर्गाची सासू. ती इतका वेळ कणीक मळत होती, आणि तिला ऐकू कमी येतं असा घराचा समज होता.

"तू कायले याले विचारतं?" ती दुर्गाला म्हणाली. "हा बापाच्या पुढे कधी उभा राह्यला?"

"आई, तू नोको मधात पडू."

"मी चौदा वर्षं मधात नाई पडली. तुह्या लग्नात याहीबुवा मांडवाच्या दारात हात जोडून उभे होते. वाजवणारा त्याइच्या पाया पडला, तो मले दिसला. जेवाले वाढलं तं म्हणे, विहीणबाई, पोरीले कधी बोल लावू नोका. मी म्हटलं, नाई लावत." आशाबाईने कणकेचा गोळा परातीत आपटला. "बोल नाई लावला, पण तोंडही उघडू नाई देलं न आपण तिले. जा तू, बाई. वडे मी पाहतो."

दुर्गा बाहेर आली तेव्हा उर्वशीताई पर्स उघडत होती.

"ताई, थोडं थांबा," दुर्गा म्हणाली. मग कुलदीपकडे वळली. "भाऊ, खालचे सूर वाजवून दाखवा न."

कुलदीप हसला. "वहिनी, खालचे-वरचे काय, सगळं एकच असते."

"मंग दाखवा."

"फुंकायची पत्ती सुकली आता. भिजवा लागते."

"पत्ती आताच तं भिजली होती. दोन गाणे वाजवले तुम्ही."

गुणवंतरावांनी चष्मा सारखा केला. "वहिनी, आपण यातले जाणकार नाही. माणूस विश्वासाचा आहे, मी चौकशी केली आहे. कृपा करून चहा पाठवा."

दुर्गाने नानाजींकडे पाहिलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, नजर अंगणातल्या लाकडी बैलांवर. त्यांनी मान हलवली नाही, नाही म्हणून नाही आणि हो म्हणूनही नाही. चौदा वर्षांत या नजरेपुढे ती एकदाही उभी राहिली नव्हती. आज ती उभी राहिली.

तिने हात पुढे केला. कुलदीपला द्यावंच लागलं.

क्लारनेट हातात आलं आणि लहानपणी बापाजवळ शिकलेल्या बोटांना आपली जागा सापडली. तिने तोंडी, म्हणजे ओठांत धरायचा भाग, काढली, वरचा तुकडा पिळून अलग केला आणि उर्वशीताईच्या हातात दिला. खालच्या तुकड्याची भोकं आणि चाव्या बोटांनी दाबल्या, तळ गुडघ्यावर घट्ट टेकवला, वरच्या तोंडाला ओठ लावून हवा आत ओढली. नळी धड असली की ओठ चिकटून बसतात. इथे हवा सरळ येत राहिली. तिने पदराचं टोक पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि लाकूड घासलं. पदर काळा झाला. पॉलिशखालून मेण निघालं, आणि मेणाखालून बोटभर लांब तडा.

तिने तो गुणवंतरावांपुढे धरला. "इथून हवा जाते, भाऊजी. आपल्या इकडच्या उन्हात लाकूड तडकते. मेण भरलं की चार दिवस चालते."

कुलदीप मखमलीकडे पाहत राहिला.

"मलाही असंच मिळालं होतं," तो शेवटी म्हणाला. "मी पाहिलं नाही."

"पाहिलं होतं तुम्ही. म्हणून तं उजवा हात लपवला."

गुणवंतराव उठून उभे राहिले. त्यांना फसवलं गेल्याचा राग होता, पण त्याहून जास्त काहीतरी लक्षात येत होतं. "वहिनी, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

रोशन दारात आला होता. तो येऊन बायकोच्या शेजारी उभा राहिला. तेवढंच त्याला जमलं, आणि दुर्गाला तेवढं पुरलं.

"माहे बाबा क्लारनेट वाजवत होते," ती म्हणाली. "बँडमध्ये. नाटकात पण."

"तुमचे वडील? ते तर शेतकरी होते. आम्हाला तसंच सांगण्यात आलं होतं." गुणवंतराव सासऱ्यांकडे वळले. "माझ्या लग्नाच्या बोलणीत तुमच्या व्याह्यांचा विषय निघाला होता. माझ्या वडिलांनी मुद्दाम विचारलं होतं. म्हणजे या लोकांनी तुम्हालाही फसवलं?"

इथे एक वाट मोकळी होती. नानाजींनी नुसती मान डोलावली असती, तर सगळा दोष मेलेल्या पोचूच्या माथी गेला असता आणि चौदा वर्षांचं झाकलेलं झाकलंच राहिलं असतं. दुर्गा जमिनीकडे पाहत होती. तिने आशा धरली नव्हती.

नानाजी खुर्चीचा हात धरून उठले.

"मले कोणी नाई फसवलं, जावईबापू," ते म्हणाले. "मी तुमाले फसवलं. पोचूजी तं सांगाले तयार होते. ते म्हणे, मी चोरी नाई करत, वाजवतो. मीच त्याइचं तोंड बंद केलं. पोरीची सोयरीक मोडन म्हणून भेलो मी. त्या माणसानं आपल्या लेकीच्या लग्नात वाजाले हात नाई लावला, माह्या शब्दाखातर. आणि मी नातीले म्हणून राह्यलो होतो, लग्नात वाजवतेत ते म्हणून." त्यांनी दुर्गाकडे हात केला. "त्याइचा काही दोष नाई. या पोरीचा तं नाईच नाई."

गुणवंतरावांचा चेहरा लाल झाला. "चौदा वर्षं मला अंधारात ठेवलं."

"मले पण ठेवलं," उर्वशीताई म्हणाली. तिच्या हातात अजून क्लारनेटचा वरचा तुकडा होता. "मंग आता काय करता? मले माहेरी सोडून जाता काय?"

"तसं मी म्हटलं का?"

"तं मंग बसा. हा माणूस तुमच्या ओळखीनं फुटकं वाजं गळ्यात बांधून चालला होता. तुमची अब्रू वाचवली ते त्याच क्लारनेटवाल्याच्या लेकीनं." ती दुर्गाकडे वळली, आणि तिचे डोळे भरून आले होते. "तू मले तरी सांगाचं होतं न. मी काय परकी आहो?"

गुणवंतराव बसले. त्यांनी चष्मा पुसला. मग खाली पाहतच म्हणाले, "वहिनी, ते दुसरं तपासता का जरा?"

दुर्गाने मळकं क्लारनेट उचललं. तळाशी सरांनी सांगितलेल्या पट्टीचं 'बी' हे अक्षर कोरलेलं तिने अंगठ्याने चाचपलं. दोन्ही तुकड्यांतून हवा ओढली. दोन्ही वेळा ओठ असे चिकटले की सोडवताना टप्पकन आवाज आला, आणि पोरं हसली. चाव्यांखालच्या दोन गाद्या कुजल्या होत्या, सांध्याचं बूच सैल होतं. ते सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. अंग मात्र धड होतं.

"हे घ्या," ती म्हणाली. "दिसाले तसंच आहे, पण इमानदार आहे. दोन गाद्या आणि डबाभर पत्त्या याच भावात द्याच्या, भाऊ. तोंडी त्या पेटीतली लावून द्या, ती चांगली आहे."

"वहिनी, तोंडीच तर महागाची असते."

"मंग फुटक्याचा भाव पण सांगा सगळ्याइले, किती सांगितला होता ते."

कुलदीपने तोंडी काढून दिली, गाद्यांची पुडीही दिली. निघताना तो नानाजींच्या पाया पडला तसा दुर्गालाही हात जोडून गेला.

गाद्या बसवायला दुपार गेली. रोशनने लाखेचा तुकडा आणून वितळवून दिला, दुर्गाने बसवल्या, उर्वशीताईने सलाइनची नळी तपासावी तसं, फुंकर मारून कुठे गळतं का ते पाहिलं. मग दिव्याच्या हाती क्लारनेट आलं. पहिल्या फुंकीला बदकासारखा आवाज निघाला. दुसरीलाही.

"दात नोको लावू खाली," दुर्गा म्हणाली. "ओठ आत घे. पोटातून फुंक, गालातून नाई."

तिसऱ्यांदा सूर निघाला. थरथरत निघाला, पण निघाला. दिव्याने तो दम संपेपर्यंत धरला, आणि संपल्यावर आईकडे अशा नजरेने पाहिलं की दुर्गाला दुसरीकडे पाहावं लागलं.

पाच वाजता पोरं लाकडी बैल घेऊन मारुतीच्या देवळाकडे निघायची. दरवर्षी कोणाचा तरी डीजे असायचा. यंदा सकाळपासून लाइन नव्हती आणि जनरेटरवाला शेजारच्या गावात अडकला होता. म्हातारा कोलू एकटाच ढोल घेऊन नानाजींच्या दारापुढे आला. बैल रांगेत उभे होते, चाकांना तेल लावलेलं, शिंगांना बेगड.

"ढोलानं एकट्यानं काय होते?" तो म्हणाला. "सूर पाहिजे."

नानाजी ओसरीवरून उतरले, दिव्याच्या हातातलं क्लारनेट घेतलं आणि सुनेपुढे धरलं. ते कसं धरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं.

"येते न अजून?" त्यांनी विचारलं.

"मामाजी, चौदा वर्षं झाली."

"मले पण तेवढीच झाली. चाल."

दुर्गाने पदर कमरेला खोचला. पत्ती जिभेवर भिजवली. पहिला सूर चिरका निघाला, दुसरा घसरला. कोलूने तिच्यासाठी ठेका संथ केला. तिसऱ्या ओळीला बोटं जागी आली आणि बाप नाटकाच्या सुरुवातीला वाजवायचा ती नांदी गल्लीत उतरली. बायका परातीतलं टाकून दारात आल्या. माळ्यावरची पोरं खाली उतरली. कोणीतरी ओसरीवरून विचारलं, "नानाजी, हे वाजवून कोण राह्यलं?"

नानाजी रांगेच्या पुढे चालत होते. चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "माही सून. पोचू क्लारनेटवाल्याची लेक. चामोर्शीचा पोचू. वडसा ते अहेरी नाव होतं त्याइचं."

मागून गुणवंतराव चालत होते, एका शेजाऱ्याच्या पोराचा बैल ओढत. त्यांनी मान वर केली नाही, पण पाऊल ठेक्यात पडत होतं.

देवळाच्या वीस पावलं अलीकडे दुर्गाचे ओठ सुन्न झाले. इतक्या वर्षांची सवय गेलेली, एक फुंकही पुढे निघेना. कोलूचा ढोल चालूच होता आणि सगळं गाव थांबलं होतं. तिने वळून क्लारनेट दिव्याच्या हातात दिलं.

दिव्याला एकच सूर येत होता. त्या एका सुरावर तिने सगळ्या गावाचे बैल देवळापर्यंत नेले.